पिल्लाचं वय आधी, संप्रेरक नंतर

कारखान्यांची रसायनं आणि पक्ष्यांची संप्रेरकं या विषयात मी उतरलो तेव्हा काम सोपं वाटलं होतं. प्रदूषित जागेवरच्या पिल्लांचं रक्त घ्यायचं, स्वच्छ जागेवरच्यांचं घ्यायचं, फरक काढायचा. पहिल्याच हंगामात तोंडावर आपटलो.

कॉर्टिकोस्टेरॉन हे पक्ष्यांचं ताणाचं मुख्य संप्रेरक. पक्षी बिचकला की साधारण 3 मिनिटांत ते रक्तात चढू लागतं, म्हणून मूळ पातळी हवी तर नमुना त्याआधी घ्यायला हवा. मी स्टॉपवॉच सुरू करायचो ते पिल्लू हातात आल्यावर! शिडीचा खडखडाट, घरट्याच्या पेटीचं उघडलेलं झाकण, आईबापांचा कलकलाट हे सगळं त्याने केव्हाच ऐकलेलं असायचं. पंखाच्या शिरेत सुई टोचून केशनलिका भरेपर्यंत माझ्या घड्याळात अडीच मिनिटं, पिल्लाच्या हिशेबात सहा-सात. निम्म्या हंगामाचे नमुने त्या कामासाठी बाद झाले.

थायरॉइडची गोम आणखी वेगळी. अंड्यातून निघताच पळू लागणाऱ्या कोंबडीच्या पिल्लात ही संप्रेरकं उबण्याच्या सुमारास शिगेला पोचतात. आंधळ्या, उघड्या अंगाने जन्मणाऱ्या पिल्लांत ती जन्मानंतर वाढतात, साधारण अंगाची ऊब स्वतः राखता येऊ लागते तेव्हा. म्हणजे 6 दिवसांचं पिल्लू इकडचं आणि 9 दिवसांचं तिकडचं घेतलंत, तर दिसणारा फरक वयाचा असू शकतो. त्यात प्रदूषणाने वाढच खुंटली असेल तर आकारावरून काढलेलं वयही फसवतं. उबवणीच्या काळात घरट्याला रोज फेरी मारून जन्मतारीख नोंदवणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय मला सापडलेला नाही.

पीसीबी ही क्लोरीनयुक्त औद्योगिक रसायनं आणि डीडीटी या कीटकनाशकापासून बनणारं डीडीई चरबीत मुरतात आणि मादीच्या शरीरातून बलकात उतरतात. त्यामुळे पिल्लाने पहिला घास घेण्याआधीच संपर्क सुरू झालेला असतो. अंड्यांचं विश्लेषण टाळून नुसत्या रक्तावर निष्कर्ष काढू नका. 1981 मध्ये गल या पाणपक्ष्यांच्या अंड्यांत डीडीटी टोचून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात नर भ्रूणांच्या वृषणात अंडाशयासारखी ऊती वाढली होती.

प्रजातीही जपून निवडा. डायऑक्सिन या विषारी रसायनासारखं वागणाऱ्या पीसीबींना कोंबडीचा भ्रूण अतिशय हळवा, तर जपानी लावा पक्ष्याचा बराच निगरगट्ट. ही रसायनं पेशीत ज्याला चिकटतात त्या एएच रिसेप्टर या प्रथिनातल्या मोजक्या अमिनो आम्लांच्या बदलाने एवढी तफावत पडते. मला स्वतःला या विषयात याहून मजेशीर काही वाटत नाही.

आणि एका घरट्यातली चार भावंडं म्हणजे चार स्वतंत्र नमुने नव्हेत. संख्याशास्त्र जाणणाऱ्याला हंगामाआधी भेटा. मी नंतर भेटलो होतो.

आता माझ्या प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी असतात: जन्मतारीख, पंखाची लांबी, आणि शिडी झाडाला टेकली ती वेळ.