शोधनिबंधातले आलेख काढताना या चुका टाळा

प्रयोगावर वर्षं घालवायची आणि आलेख मात्र सबमिशनच्या आदल्या रात्री उरकायचे, ही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची सवय मोडायलाच हवी. बरेच रिव्ह्यूअर सारांश वाचून थेट आकृत्यांकडे वळतात.

अक्षरं मुंगीएवढी होतात

लॅपटॉपवर आकृती ऐसपैस दिसते. पण ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एका कॉलमची रुंदी ८९ मिलिमीटर असते. दहा इंच रुंद आकृतीत १० पॉइंटची अक्षरं टाकलीत, तर त्या कॉलममध्ये ती जेमतेम साडेतीन पॉइंटची उरतात. म्हणून काढायला बसतानाच सॉफ्टवेअरमध्ये रुंदी साडेतीन इंच ठेवा, अक्षरं ६-७ पॉइंटची. नंतर कोपरा धरून ताणाताणी करू नका. फाइल पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये सेव्ह करा; जेपीईजीत अक्षरांच्या कडा धुरकटतात. हीच आकृती स्लाइडवर मात्र चिकटवू नका. तिथे मागच्या बाकावरूनही वाचता यायला हवं, तेव्हा २० पॉइंटच्या खाली जाऊ नका.

एरर बार कशाचे, हेच लिहिलेलं नसतं

एरर बार म्हणजे आलेखातल्या आकड्याच्या वर-खाली काढलेली, त्याची अनिश्चितता किंवा विखुरलेपणा दाखवणारी रेघ. ती स्टँडर्ड डेव्हिएशनची (मोजमापं किती विखुरली आहेत) असू शकते किंवा स्टँडर्ड एररची (काढलेली सरासरी किती इकडेतिकडे होऊ शकते). नमुने ९ असतील तर स्टँडर्ड एरर हा स्टँडर्ड डेव्हिएशनच्या एक तृतीयांश असतो. केवळ बार आखूड दिसावेत म्हणून स्टँडर्ड एरर निवडणं मला अजिबात पटत नाही. मोजमापं किती विखुरली आहेत हे दाखवायचं असेल तर डेव्हिएशनच हवं. काय वापरलंय आणि नमुने किती, हे आकृतीखाली लिहाच. नमुने पाच-सहाच असतील तर सरळ सगळे ठिपके मांडा.

‘काहीच घडलं नाही’ अशा नोंदी गाळणं

ही सर्वांत घातक चूक. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान कोसळलं, सात जण गेले. थंडीचा आणि ओ-रिंगच्या (रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांच्या) नुकसानाचा संबंध आहे का, यावर आदल्या रात्री इंजिनिअरांची चर्चा झाली होती. पण नजर नुकसान झालेल्या उड्डाणांवरच राहिली. त्यांत उबदार हवेतलीही काही होती, त्यामुळे संबंध पक्का दिसेना. पुढे अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने सगळी उड्डाणं एकत्र मांडली: ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून उबदार हवेतल्या २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये नुकसान, आणि ६३ किंवा त्याखालच्या चारही उड्डाणांत नुकसान. आकडे आधीपासून हाताशी होते. तुमच्या आलेखातही शून्याचे ठिपके राहू द्या.

इंद्रधनुषी रंग

आकड्यांना निळ्यापासून लालपर्यंत इंद्रधनुषी रंग देणाऱ्या ‘जेट’ रंगपट्टीतला पिवळा पट्टा इतका उठून दिसतो की आकड्यांत नसलेली सीमारेषा भासते. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरने २०१४ मध्ये ती डिफॉल्टमधून काढली. त्याऐवजी विरिडिस ही रंगपट्टी वापरा. रेषांसाठी लाल-हिरवी जोडी टाळा, कारण रंगांधळेपणा असलेल्या वाचकाला त्या दोन्ही सारख्याच दिसू शकतात. शेवटी आकृतीची एक काळी-पांढरी झेरॉक्स काढा, आणि तीत जी रेष ओळखू येत नाही तिला तुटक करा किंवा तिच्यावरच नाव लिहा.