ब्रेक्झिटनंतर ब्रिटन-युरोपच्या धंद्यात या चुका टाळा, नाहीतर झिरो ड्युटीचा माल पण पोर्टवर बसून राहतो

ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० ला, पण माल खरा अडकायला लागला १ जानेवारी २०२१ पासून, कारण मधले अकरा महिने जुनेच नियम चालू होते. त्याच्या आदल्या आठवड्यात, २४ डिसेंबरला, दोघांचा व्यापार करार ठरला आणि सगळीकडे बातमी एकच, झिरो टॅरिफ झिरो कोटा. बातमी खरी होती, पण लोकांनी तेवढी एक ओळ वाचली आणि पुढच्या अटी वाचल्याच नाहीत. आज इतकी वर्षं झाली तरी लंडन-बर्मिंगहॅममधे छोटा धंदा करणारे आपले लोक असोत, नाहीतर नाशिकहून रॉटरडॅमला द्राक्षं पाठवणारे असोत, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. मी एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनचं काम करतो त्यामुळे हे रोज कानावर पडतं, आणि यातलं बहुतेक नुकसान आधी दहा मिनिटं कागद नीट बघितले असते तर झालंच नसतं, याचं खरंच वाईट वाटतं.

माल कुठून निघाला ते सोडा, मूळचा कुठला ते बघा

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात महागाची चूक हीच. झिरो ड्युटी ब्रिटनहून युरोपात जाणाऱ्या प्रत्येक मालाला नाहीये, जो माल ब्रिटनचा "मूळचा" ठरतो त्यालाच आहे, उलट दिशेला जो युनियनचा "मूळचा" ठरतो त्याला. समजा सोलापूरचे टॉवेल ब्रिटनमधे आले, तिथली जी काय ड्युटी असेल ती भरली, बर्मिंगहॅमच्या गोडाऊनमधे नवीन लेबल लावलं, छान पॅकिंग केलं आणि जर्मनीच्या गिऱ्हाइकाला पाठवले. तर युरोपात त्याच्यावर परत ड्युटी लागते, आणि टेरी टॉवेलवर युरोपचा मूळ दर १२ टक्के आहे. एकाच मालावर दोन देशांची ड्युटी गेली की मार्जिन राहतच नाही. लेबल लावणं, पॅकिंग बदलणं, सेट बनवणं, नुसतं कापून छोटे तुकडे करणं यातलं काहीही केलं तरी माल ब्रिटिश होत नाही, करारात हे स्पष्ट लिहिलंय. नुसतं असेंबल करून पण चालत नाही, प्रत्येक एचएस कोडला (म्हणजे मालाच्या प्रकाराचा कस्टम्समधला आकडा) वेगळा नियम आहे की किती टक्के सामान बाहेरचं चालेल किंवा कुठली प्रोसेस तिथे व्हायलाच पाहिजे, तो कोडनुसार काढूनच बघावा लागतो. युरोपचं सामान ब्रिटिश मालात "आपलं" म्हणून मोजता येतं, भारताचं किंवा चीनचं येत नाही.

आणि यात मोठमोठे पण फसलेत. मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटनच्या मोठ्या दुकानसाखळीच्या पर्सी पिग नावाच्या गोळ्या तिकडे लहान मुलांपासून सगळ्यांना माहिती आहेत. त्या जर्मनीत बनायच्या, ब्रिटनमधे यायच्या, आणि तिथून आयर्लंडच्या दुकानांत जायच्या. जानेवारी २०२१ मधेच कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की यावर ड्युटी लागतेय. म्हणजे युनियनमधे बनलेला माल युनियनमधेच विकायचा आणि तरी ड्युटी, कारण मधे तो ब्रिटनमधे येऊन नुसता पडून राहिला, त्याच्यावर काही काम झालं नाही, मग ब्रिटनमधून निघताना तो ना ब्रिटिश ठरत ना युरोपियन म्हणून सवलत मिळत.

यावर उपाय आहेत. एक, युरोपच्या गिऱ्हाइकांसाठी स्टॉक वेगळा ठेवायचा आणि तो भारतातून सरळ युरोपातच उतरवायचा, त्यासाठी बरेच जण नेदरलँड्समधे छोटं गोडाऊन भाड्याने घेतात. दोन, ब्रिटनमधे कस्टम्सच्या बॉन्डेड गोडाऊनमधे माल ठेवायचा म्हणजे तो तिथून बाहेर विकला तर ब्रिटनची ड्युटी भरावीच लागत नाही. कुठला बरा ते व्हॉल्यूमवर आहे, पण महिन्याला चार कार्टनचा धंदा असेल तर बॉन्डेडच्या भानगडीत पडू नका, खर्च निघणार नाही.

ओरिजिनची ओळ चुकली की सगळं चुकलं

माल खरोखर ब्रिटिश आहे, नियमात बसतो, तरी बायरला ड्युटी भरावी लागली, अशी तक्रार आली की मी पहिलं इनव्हॉइस मागवतो. दहातल्या बहुतेक वेळा तिथे नुसतं "मेड इन इंग्लंड" लिहिलेलं असतं आणि ते काही कामाचं नसतं. करारात ओरिजिनच्या स्टेटमेंटचा ठरलेला मजकूर दिलाय, तो जशाच्या तसा इनव्हॉइसवर किंवा माल नीट ओळखू येईल अशा कागदावर टाकायचा, मनाने शब्द बदलायचे नाहीत. ब्रिटनच्या एक्स्पोर्टरने त्यात आपला जीबीने सुरू होणारा ईओआरआय नंबर, म्हणजे कस्टम्सकडचा धंद्याचा नोंदणी नंबर, टाकायचा. युरोपच्या एक्स्पोर्टरचा माल ६,००० युरोच्या वर असेल तर त्याला रेक्स नंबर, म्हणजे नोंदणी केलेल्या एक्स्पोर्टरचा नंबर, लागतो, त्याच्या खाली असेल तर नंबरशिवाय चालतं. एकसारखाच माल परत परत जात असेल तर १२ महिन्यांपर्यंतचं एकच स्टेटमेंट देता येतं, हे अनेकांना माहितीच नसतं आणि प्रत्येक शिपमेंटला नव्याने चुका करत बसतात.

ईओआरआयचा अजून एक घोळ. जीबी नंबर फक्त ब्रिटनच्या बाजूला चालतो. युरोपच्या बाजूला इम्पोर्टर तुम्हीच असाल तर तिथला वेगळा नंबर लागतो.

"डीडीपी पाठवतो" असं बायरला पटकन बोलू नका

बायर खूष व्हावा म्हणून लोक डीडीपी कबूल करतात, म्हणजे ड्युटी व्हॅट सगळं भरून माल त्याच्या दारात. ब्रिटन युनियनमधे होतं तेव्हा याला काही अर्थच नव्हता, बर्मिंगहॅमहून पॅरिसला माल पाठवणं म्हणजे नुसतं ट्रान्सपोर्ट. आता डीडीपी म्हटलं की युरोपातला इम्पोर्टर तुम्ही, म्हणजे तिथे व्हॅट नंबर पाहिजे, ईओआरआय पाहिजे, आणि तुमची कंपनी युनियनमधली नसल्यामुळे डिक्लेरेशन तुमच्या वतीने भरायला तिथला एजंट पाहिजे जो तुमच्या ड्युटीसाठी स्वतः पण जबाबदार धरला जातो. म्हणून एजंट एकतर नाही म्हणतो नाहीतर दणकून पैसे आणि डिपॉझिट मागतो. ट्रक निघाल्यावर हे कळलं तर तो ब्रिटनच्या डोव्हर बंदरावर नाहीतर समोर फ्रान्सच्या कॅले बंदरावर उभा राहतो. त्यापेक्षा मोठ्या ऑर्डरला बायरलाच इम्पोर्टर होऊ दे आणि रेट त्याप्रमाणे कमी करून दे, हे जास्त स्वस्त पडतं.

ऑनलाइन छोटी पार्सलं विकणाऱ्यांचं वेगळंच. समजा ६० युरोचा कुर्ता लंडनहून म्युनिकला गेला, कुरिअरवाला दारात उभा राहून व्हॅट आणि त्याचा स्वतःचा हँडलिंग चार्ज मागतो, गिऱ्हाईक म्हणतं मी वेबसाइटवर पूर्ण पैसे भरलेत, आणि पार्सल घेतच नाही. पार्सल उलटं फिरतं, आणि परतीच्या कागदावर "रिटर्न" असं नीट लिहिलेलं नसेल तर ब्रिटनचं कस्टम्स त्याला नवीन इम्पोर्ट समजून परत ड्युटी व्हॅट मागतं. एका कुर्त्यावर इतकं सगळं. १ जुलै २०२१ पासून युरोपात आयओएसएस म्हणून स्कीम आहे, १५० युरोपर्यंतच्या पार्सलवर व्हॅट विकतानाच घ्यायचा आणि महिन्याला एकदा भरायचा, म्हणजे दारात कोणी काही मागत नाही. ब्रिटनच्या विक्रेत्याला त्यासाठी युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो. विक्री थोडीफार नियमित असेल तर हे कराच. आणि परत आलेल्या मालासाठी रिटर्न्ड गुड्स रिलीफ आहे, साधारण तीन वर्षांच्या आत माल जसा गेला तसा परत आला तर ड्युटी माफ होते, पण तो गेला होता याचा एक्स्पोर्टचा पुरावा जपून ठेवलेला पाहिजे.

खाण्यापिण्याचं असेल तर दुप्पट सावध

ड्युटी झिरो असली तरी हेल्थ सर्टिफिकेट झिरो होत नाही. दूध, चीज, मांस, मासे, अंडी, मध, काहीही प्राण्यांपासूनचं असेल तर ब्रिटनहून युरोपात जाताना व्हेटची, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरची, सही असलेलं सर्टिफिकेट लागतं. चेशायरमधल्या एका चीजवाल्याची गोष्ट तेव्हा खूप गाजली होती, तो २५-३० पाउंडाचे गिफ्ट बॉक्स ऑनलाइन युरोपात विकायचा आणि त्याला प्रत्येक पार्सलमागे १८० पाउंडाचं सर्टिफिकेट लागेल असं कळलं. सर्टिफिकेट कंटेनरला पण तेच आणि डब्याला पण तेच, म्हणून छोट्या लोकांचा किरकोळ धंदा पहिल्या फटक्यात बंद पडला. ज्यांनी माल एकत्र करून पॅलेटने युरोपातल्या एका वितरकाकडे पाठवायला सुरुवात केली ते टिकले.

काही गोष्टींना तर सर्टिफिकेटनेही उपाय नाही. ज्या पाण्याचा दर्जा मधला ठरवलाय तिथले जिवंत शिंपले, स्कॉटलंडचं बटाट्याचं बियाणं, ताजा खिमा, हे युरोपने थांबवलंच. आणि घरगुती पातळीवर पण लक्षात ठेवा, लंडनहून जर्मनीतल्या बहिणीला दिवाळीचं पार्सल पाठवताना पेढे, खवा, पनीर टाकू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ खाजगी पार्सलमधे चालत नाहीत, अख्खं पार्सल जाऊ शकतं. चकली-चिवडा वेगळा डबा करा.

उलट दिशेला ब्रिटनने तपासणी फार उशिरा सुरू केली, पुन्हा पुन्हा पुढे ढकलत शेवटी २०२४ मधे. ३१ जानेवारीपासून कागद, ३० एप्रिलपासून प्रत्यक्ष तपासणी. त्याच दिवसापासून डोव्हर आणि समुद्राखालच्या युरोटनेलवरून येणाऱ्या अशा मालाला वेगळा चार्ज पण लागतो, एका कन्साइनमेंटमागे जास्तीत जास्त १४५ पाउंड, आणि तो माल तपासला काय न तपासला काय लागतोच. १९ मे २०२५ ला लंडनच्या बैठकीत दोघांनी अन्नपदार्थांच्या तपासण्या कमी करणारा करार करायचं ठरवलंय. ठरवलंय म्हणजे तो लागू झाला असं नाही, तारीख अधिकृत येईपर्यंत एकही सर्टिफिकेट बंद करू नका. बातमी वाचून कागद बंद केले की माल अडकलाच समजा.

अजून एक बारीक गोष्ट, लाकडी पॅलेट. आता दोन्ही बाजूंना उष्णता देऊन शिक्का मारलेलं पॅलेट लागतं, युनियनमधे असताना लागत नव्हतं. हजारो पाउंडाचा माल एका जुन्या पॅलेटमुळे अडकतो.

नाशिक-सांगलीकडून जाणाऱ्यांनी हे वेगळं वाचा

आपल्याकडे अजूनही "युरोपचा माल" असं एकत्र बोलतात आणि त्यात ब्रिटन धरतात. करू नका. पिकावर फवारलेल्या औषधांच्या अंशाची मर्यादा, ज्याला आपण एमआरएल म्हणतो, ती १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनची वेगळी चालते, युरोपने एखाद्या औषधाची मर्यादा खाली आणली तर ब्रिटनमधे ती आपोआप खाली येत नाही आणि उलटही तसंच. म्हणून प्लॉटचा रेसिड्यू रिपोर्ट दोन्ही यादींशी ताडून बघा, आणि बायरने शेवटच्या क्षणी ब्रिटनचा कंटेनर रॉटरडॅमला वळवायला सांगितला तर आधी रिपोर्ट उघडा मग हो म्हणा.

दुसरं, रॉटरडॅमला उतरून ब्रिटनला जाणारा माल. तिथे जर तो युरोपात क्लिअर केला तर युरोपची ड्युटी भरली, आणि ब्रिटनमधे गेल्यावर तिथली परत, कारण द्राक्षं भारताची, ब्रिटन-युरोप करारात ती बसतच नाहीत. यासाठी टी-वन ट्रान्झिट काढायचं, माल कस्टम्सच्या ताब्यात राहून पुढे जातो आणि ड्युटी फक्त ब्रिटनमधे लागते. पण टी-वन उघडला तसा बंद पण झाला पाहिजे. ड्रायव्हर घाईत सरळ बायरच्या गोडाऊनला गेला, ठरलेल्या कस्टम्स ऑफिसला किंवा मान्यताप्राप्त जागी थांबलाच नाही, सील तोडून माल उतरवला, की टी-वन उघडाच राहतो आणि काही महिन्यांनी ज्याच्या गॅरंटीवर तो निघाला त्याला पूर्ण ड्युटीची नोटीस येते, तोपर्यंत द्राक्षं खाऊन संपलेली असतात. ड्रायव्हरला मराठी, हिंदी, पोलिश, ज्या भाषेत कळेल त्या भाषेत पत्ता लिहून द्या, आणि टी-वन बंद झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय फाइल मिटवू नका.

आणि भारत-ब्रिटनचा करार, ज्याच्यावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, तो ब्रिटनपुरताच आहे. ब्रिटनमधे सवलतीत उतरवून पुढे युरोपात सवलतीत विकू, असं होत नाही.

थोडक्यात दोन-तीन गोष्टी

उत्तर आयर्लंडला ब्रिटन समजून माल पाठवू नका, वस्तूंच्या बाबतीत तिथे बरेचसे युरोपचे नियम चालतात, २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कनंतर ग्रीन लेन (तिथेच राहणाऱ्या मालाची) आणि रेड लेन (पुढे युरोपात जाऊ शकणाऱ्या मालाची) वेगळी झालीय, आणि ग्रीन लेनसाठी आधी नोंदणी लागते.

वस्तू सुरक्षेच्या नियमात बसते हे दाखवणारा ब्रिटनचा यूकेसीए मार्क युरोपात चालत नाही. उलट युरोपचा तसाच सीई मार्क ब्रिटनने बहुतेक वस्तूंसाठी पुढेही चालू ठेवलाय, त्यामुळे दोन्हीकडे विकायचं असेल तर सीईवर पैसा घाला. आणि १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तूंवर युनियनमधल्या जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता लागतो, तो नसेल तर मार्केटप्लेसवाले लिस्टिंगच काढतात.

चूक झालीच असेल तर

बायरने पूर्ण ड्युटी भरली म्हणून लगेच पैसे गेले असं धरू नका. माल खरंच मूळचा असेल आणि ओरिजिनचं स्टेटमेंट नंतर मिळालं तरी इम्पोर्टच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत सवलत मागून रिफंड घेता येतो, अर्ज इम्पोर्टरने त्याच्या देशातल्या कस्टम्सकडे करायचा, तुम्ही त्याला नीट स्टेटमेंट आणि मालाची माहिती द्यायची. कोड चुकला असेल तर एजंटला डिक्लेरेशन दुरुस्त करायला सांगा, स्वतःहून सांगितलेल्या चुकीला आणि पकडलेल्या चुकीला वागणूक फार वेगळी मिळते. आणि कागद फेकू नका, सवलत घेणाऱ्या इम्पोर्टरने कमीत कमी तीन वर्षं आणि स्टेटमेंट देणाऱ्या एक्स्पोर्टरने चार वर्षं रेकॉर्ड ठेवायचं असं करारातच आहे. त्यात सप्लायरची डिक्लेरेशन पण येतात, कारण चौकशी आली की पहिला प्रश्न तोच असतो, तुमचा कच्चा माल कुठून आला ते दाखवा.