घरातला छळ: या चुका टाळा

“नवरा-बायकोत एवढं चालायचंच” ही पहिली चूक, आणि ती बहुतेकदा माहेरचेच करतात. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त मार मोजत नाही. पगाराचं एटीएम कार्ड काढून घेणं, आईला फोन करू न देणं, रोज लायकी काढणं, इच्छेविरुद्ध शरीरसंबंध हेही त्यात येतं. लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही तो लागू आहे.

सगळ्यात महागात पडणारी चूक हॉस्पिटलात होते. सुजलेला डोळा घेऊन बाई कॅज्युअल्टीत येते, शेजारी नवरा नाहीतर सासू उभी. डॉक्टर विचारतात, काय झालं? ती म्हणते, “बाथरूममध्ये पाय घसरला.” केसपेपरवर तेच उतरतं. पुढे कोर्टात समोरचा वकील नेमका तोच कागद काढतो आणि बाईची खरी हकिगत खोटी ठरायला लागते. म्हणून डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय असं सांगा. कोणी मारलं, कशाने, कुठे, हे स्पष्ट सांगून लिहून घ्या, मेडिको-लीगल नोंद (कोर्टात कामी येणारी दुखापतीची नोंद) करायला लावा आणि प्रत मागा. गळा दाबला असेल तर खूण नसली तरी सांगाच. आतली सूज काही तासांनीही वाढते, आवाज बसतो, गिळताना दुखतं. शिवाय गळा दाबणाऱ्या माणसापासून जिवाला धोका असतो, हे घरच्यांनीही नीट समजून घ्यावं. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात सुरू झालेलं, छळ सोसणाऱ्या बायकांसाठीचं ‘दिलासा’ केंद्र आता पालिकेच्या इतरही हॉस्पिटलांत आहे. तिथल्या समुपदेशकांना भेटल्याशिवाय घरी जाऊ नका.

पोलिसांनी एन.सी. (अदखलपात्र नोंद) लिहिली म्हणजे तक्रार झाली, असं समजू नका. अदखलपात्र नोंदीवर पोलीस मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपास करत नाहीत. क्रूरतेची तक्रार, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस परवानगीशिवाय तपास करू शकतात, एफआयआर मागा. तो झाला नाही तरी २००५ च्या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे त्याच कायद्याच्या कलम १२ चा अर्ज करता येतो. तातडीचा अंतरिम आदेशही मिळू शकतो. खोली सासऱ्यांच्या नावावर असली तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मारणार नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेणं निरुपयोगी. दोघांना समोरासमोर बसवून समुपदेशन नको, त्याच्यासमोर ती बोलत नाही.

भांडणात “मी उद्या निघते” कधीही म्हणू नका. निघण्याचे दिवसच सर्वाधिक धोक्याचे. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला यांच्या प्रती आणि स्त्रीधनाची यादी विश्वासातल्या शेजारणीकडे आधीच पोचवा. पासवर्ड घाईने बदलू नका, त्याला लगेच कळतं. त्याऐवजी दुसऱ्याच्या फोनवरून बोला. आणि मैत्रिणींनो, “आत्ताच्या आत्ता सोड त्याला” म्हणून रागाने फोन ठेवू नका. बाई पुन:पुन्हा परत जाते, तरी तुमचं दार उघडं हवं.

मार चालू असेल तर ११२ किंवा मुंबई पोलिसांचा १०३. महिला हेल्पलाइन १८१. वकिलासाठी १५१००, बाईची मिळकत कितीही असली तरी तो मोफत मिळतो. कॉल झाला की कॉल लॉगमधून तो नंबर पुसा.