पायरेथ्रम: शेतात संध्याकाळी, मांजराजवळ जपून
पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या पांढऱ्या फुलांचा अर्क. तो किडीच्या मज्जासंस्थेवर घाव घालतो, त्यामुळे मावा, पांढरी माशी बघता बघता आडवी होते. पण उन्हात काही तासांतच त्याचा जोर संपतो. म्हणून दिवस मावळताना फवारा. मधमाश्याही तेव्हा पोळ्यात परतलेल्या असतात. पानाची खालची बाजू भिजवा, कीड तिथेच दडते. तळ्याकाठी नकोच, मासे मरतात.

पिकाचं औषध जनावराच्या अंगावर मारू नका. आणि गोचिडाच्या औषधाच्या लेबलवर ‘पर्मेथ्रिन’ दिसलं, तर ते मांजराला अजिबात लावू नका. हा याच अर्काचा कृत्रिम भाऊबंद. कुत्र्याला चालतो, मांजराच्या यकृताला पेलवत नाही, झटके येतात. कुत्र्याला लावलंत तरी ते वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा.