प्राध्यापकी सांभाळून उत्पादन कसं उभं करावं

नव्याने शिकवायला लागलेले सहकारी विचारतात, ‘सर, नोकरी न सोडता स्वतःचं काही उत्पादन काढता येईल का?’ येतं. मी काढलं आणि अजून इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोही आहे. सोलापुरात असाल तर विषय शोधायला लांब जावं लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात मालकाची परवानगी घेऊन यंत्रमागाशेजारी पूर्ण पाळी उभे राहा. सोबत तेलुगू बोलणारा एखादा विद्यार्थी न्या. इथले कितीतरी विणकर घरी तेलुगू बोलतात आणि मागाची खरी तक्रार माणूस आपल्या घरच्या भाषेतच सांगतो.

मी पिक काउंटर निवडला, म्हणजे कापडातले बाण्याचे (आडवे) धागे मोजणारं यंत्र. दिसायला अगदी सोपं. साध्या मागाचा क्रँक शाफ्ट, म्हणजे मुख्य फिरता दांडा, एकदा फिरला की एक पिक, म्हणजे बाण्याचा एक धागा, पडतो. शाफ्टवरच्या बोल्टसमोर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर (धातू जवळ आला की न शिवता ओळखणारा) बसवायचा आणि पल्स मोजायचे. सेन्सर खालच्या शाफ्टवर लावलात तर आकडा दुप्पट करायला विसरू नका, कारण तो निम्म्या वेगाने फिरतो.

प्रोजेक्टचे गुण इथपर्यंतच्या कामाला मिळतात. उत्पादनाचं काम मात्र इथून पुढे सुरू होतं.

पहिली अडचण विजेची. लाइट गेली तरी आकडा टिकला पाहिजे, कारण विणकराची मजुरी कामावर ठरते आणि पुसला गेलेला आकडा त्याच्या खिशातून जातो. विद्यार्थी पटकन म्हणतात, प्रत्येक पिक ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी आकडा जपणाऱ्या मेमरीत, लिहू. त्यांना फळ्यावर हिशेब करायला लावा. साध्या मायक्रोकंट्रोलरमधल्या ईईप्रॉमची एक जागा साधारण १,००,००० वेळा लिहिण्यापर्यंतच खात्रीची असते. मिनिटाला १२० पिक धरले तर ती मर्यादा चौदा तासांच्या आत संपते. म्हणून एक तर एफरॅम, म्हणजे कितीतरी जास्त वेळा लिहिता येणारी मेमरी, वापरा, नाहीतर पुरवठा तुटताच ते ओळखणारं सर्किट करा आणि कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर आकडा एकदाच लिहा. माझ्या मते अख्ख्या यंत्रात सगळ्यात जीव ओतायची जागा हीच आहे.

दुसरी अडचण उन्हाळा आणि तूस. मे महिन्यात बाहेरच पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांपर्यंतचं तापमान सोसणारेच घ्या. ८५ अंशांचे चार पैसे वाचवतात, पण दहा अंश तापमान वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. डब्याला हवेची भोकं ठेवू नका, कापसाची तूस आत जाऊन बसते. सेन्सरची वायर मोटरच्या वायरपासून लांब न्या आणि मध्ये ऑप्टोकप्लर (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारा, तारांची थेट जोड तोडणारा भाग) टाका, नाहीतर शेजारची मोटर चालू होताना खोटे पिक मोजले जातील.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. कॉलेजची परवानगी लेखीच घ्या. प्रयोगशाळा कुणाची, वेळ कुठला, हक्क कुणाचे, हे तिन्ही त्यात यायला हवं. काम करणाऱ्या विद्यार्थ्याला पैसे द्या. नुसत्या प्रमाणपत्रावर त्याला राबवणं मला पटत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी एजंट नको. कल्पनेत खरंच काही नवं असेल तर पेटंटचा अर्ज आधी, पेपर नंतर. आपल्या पेशात पेपरची घाई फार, पण आधी छापलेली गोष्ट साधारणपणे नवी धरली जात नाही. सुरुवातीला प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केला तर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

किंमत सुट्या भागांच्या बेरजेवर ठरवू नका. बसवणं, येणं-जाणं आणि वर्षभराची दुरुस्ती तिच्यात धरा. पहिले काउंटर एकाच कारखान्यात लावा, जुने काउंटर काढू नका आणि दोन्ही आकडे रोज पाळी संपताना विणकरासमोरच ताडून पाहा. तो हो म्हणाल्याशिवाय दुसऱ्या कारखान्याची ऑर्डर घेऊ नका. बंद पडलेला काउंटर मागावर उघडत बसू नका, लगेच बदली लावा. जुना तसाच, तुसासकट, प्रयोगशाळेत आणा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर उघडा. बिघाड त्यांनाच शोधू द्या.