स्नो ब्लोअरचे इंजिन रिकॉलमध्ये आहे का आणि ते पेट्रोल गळते का, हे कसे तपासावे

स्नो ब्लोअर म्हणजे साचलेला बर्फ बाजूला फेकणारे यंत्र. त्याच्या कंपनीचे नाव टाकून रिकॉल (दोषामुळे कंपनीने माल परत बोलावल्याची नोटीस) शोधा, काही सापडले नाही तर निर्धास्त राहा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो धोकादायक आहे. बर्फ फेकणारा सांगाडा एका कंपनीचा आणि त्यावर बसवलेले इंजिन दुसऱ्याच कंपनीचे, असे स्नो ब्लोअरमध्ये बरेचदा असते. एकच इंजिन वेगवेगळ्या नावांच्या आणि रंगांच्या यंत्रांवर बसते. कार्ब्युरेटरमध्ये (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात) किंवा पेट्रोलच्या नळीत दोष निघाला, की नोटीस इंजिन बनवणाऱ्याच्या नावाने निघू शकते, आणि सांगाड्यावरचे नाव शोधणाऱ्याला ती दिसतही नाही.

यंत्र उघड्यावर, सपाट जागी, पूर्ण थंड करून ठेवा. स्पार्क प्लगची वायर काढा.

आता नंबर. खरी चूक इथेच होते, म्हणून घाई करू नका. यंत्रावर दोन वेगळे नंबर असतात. पहिला सांगाड्याच्या पट्टीवर, बहुधा मागच्या बाजूला. दुसरा इंजिनाचा. तो व्हॉल्व्हच्या झाकणावर, फ्लायव्हीलवरच्या (इंजिनाच्या जड चाकावरच्या) पत्र्याच्या आवरणावर किंवा इंजिनाच्या अंगावर ठोकलेला असतो, कधी स्टिकरवर छापलेला. तेलकट मळाखाली तो दिसत नाही. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, बॅटरीचा उजेड तिरपा पाडा आणि फोटो काढा. पेट्रोलने पुसू नका.

फोटो मोठा करून नंबर कागदावर उतरवा. शून्य आणि ‘ओ’, आठ आणि ‘बी’, पाच आणि ‘एस’ यांत गफलत होते, आणि एक अक्षर चुकले की सगळी तपासणी वाया जाते. इंजिनावरचा ‘२०८ सीसी’सारखा आकडा हा मॉडेल नंबर नव्हे. धुराच्या नियमांसाठी चिकटवलेल्या स्टिकरवरचे ‘इंजिन फॅमिली’ हे नावही सिरियल नंबर नव्हे. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या कंपनीच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन गट असतात. कोडचे पहिले सहा आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. १३०८१५ ने सुरू होणारा कोड १५ ऑगस्ट २०१३ चा. इतर कंपन्यांची पद्धत वेगळी असते, म्हणून हा हिशेब त्यांच्या इंजिनांना लावू नका.

खरेदीच्या पावतीवरच्या तारखेवरून निष्कर्ष काढू नका. इंजिन बनते एका वर्षी, यंत्रावर चढते नंतर, आणि दुकानात एखादा हिवाळा पडून राहिल्यावर विकले जाते. वापरलेले यंत्र घेतले असेल तर इंजिन मधेच बदललेलेही असू शकते. नोटिशीत ‘अमुक ते अमुक सिरियल नंबर’ अशी मर्यादा असते. आपला नंबर तिच्यात बसतो का, हे सुरुवातीच्या अक्षरांसकट आणि एकूण आकड्यांची संख्या मोजून पाहा. नंबर झिजून गेला असेल तर अंदाज बांधू नका. सांगाड्याचे मॉडेल आणि सिरियल घेऊन यंत्राच्या कंपनीला विचारा.

शोध अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर घ्यायचा, कॅनडात हेल्थ कॅनडाच्या. यंत्राचे नाव आणि इंजिनाचे नाव दोन्ही वेगवेगळे टाका. ‘स्नो ब्लोअर’बरोबर ‘स्नो थ्रोअर’ही टाका, कारण अधिकृत नोटिशींत बरेचदा तोच शब्द असतो.

नंबर जुळला तर यंत्र सुरू करू नका. ‘एवढा एक बर्फ काढून मग देतो’ हेही नाही. पेट्रोलचा कॉक (टाकीखालची तोटी) बंद करा आणि नोटिशीतल्या क्रमांकावर संपर्क साधा. दुरुस्ती, बदली किंवा पैसे परत, यांपैकी काय मिळेल ते नोटिशीत लिहिलेले असते. नळी किंवा पॅकिंग स्वतः बदलून प्रश्न मिटवू नका, कारण दोष नेमका कुठल्या भागात आहे हे नोटीस काढणाऱ्यालाच ठाऊक असते. काम झाल्यावर इंजिनाच्या नंबरासह लेखी नोंद घ्या. रिकॉलमधले यंत्र तसेच विकणे अमेरिकेत बेकायदा आहे.

नंबर जुळला नाही तरी गळती तपासाच, कारण झिजलेले पॅकिंग रिकॉलची वाट पाहत नाही. स्नो ब्लोअरच्या कार्ब्युरेटरवर बरेचदा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा डबा असतो. सायलेन्सरची ऊब कार्ब्युरेटरला मिळावी आणि तो गोठू नये, म्हणून. पण त्याच डब्यामुळे गळती बाहेरून दिसत नाही, वाफ आत कोंडते, आणि शेजारीच तापलेला सायलेन्सर असतो. डबा न काढता ‘गळत नाही’ म्हणणे म्हणजे काहीच न पाहणे.

डबा काढा, कार्ब्युरेटरखाली पांढरा पुठ्ठा सरकवा, कॉक उघडा आणि अर्धा तास थांबा. हे उघड्यावरच करा, गॅरेजमध्ये रात्रभर ठेवून नव्हे. पुठ्ठ्यावरच्या डागावर विसंबू नका, पेट्रोल उडून जाते. मधूनमधून पाहत राहा. थेंब बाउलच्या (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या) सांध्यातून येत असेल तर पॅकिंग किंवा खालच्या बोल्टचा वायसर गेला. नळीच्या टोकाशी ओल असेल तर नळी वाकवून पाहा. भेगा दिसल्या तर नळी आणि क्लिप दोन्ही बदला. कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होत असेल तर फ्लोटची नीडल (बाउल भरला की पेट्रोल अडवणारी सुई) नीट बसत नाही. बाउलवर पान्याने ठोकून ती तात्पुरती बसते, ही दुरुस्ती नाही. नीडल बदला किंवा कार्ब्युरेटरच बदला.

खाली एकही थेंब नसला तरी डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून हुंगा. नीडल गळत असेल तर पेट्रोल इंजिनातही उतरते. ऑइलची पातळी वर सरकते, ते पातळ होते आणि त्याला पेट्रोलचा वास येतो. अशा ऑइलवर इंजिन फिरवू नका. आधी गळती बंद करा, मग ऑइल बदला.

थंडीत पेट्रोल पेटत नाही, हा समज काढून टाका. उणे ४० अंशांतही त्याची वाफ पेट घेऊ शकते. इंजिन बंद करून किमान १५ मिनिटे थंड होऊ द्या, मगच टाकी भरा, तीही वर दोनेक सेंटिमीटर जागा सोडून. दहा टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल असलेले पेट्रोल वापरू नका.

बर्फ काढून झाला की कॉक बंद करा आणि बाउलमधले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते. म्हणून टाकीत पेट्रोल असलेले यंत्र पाणी तापवण्याच्या गॅसच्या बंबाजवळ कधीही ठेवू नका. एबीसी प्रकारचे अग्निशामक दाराजवळ टांगा, यंत्राच्या मागे नको.