पहिली ग्रँट मिळेपर्यंत

पीएचडी संपली की थोडा दम खायचा, मग निधीचं बघू, असं मी ठरवलं होतं. त्या दम खाण्यात दीड वर्ष गेलं. नवोदित संशोधकांसाठीच्या बहुतेक योजना वयापेक्षा पीएचडीला किती वर्षं झाली ते पाहतात. जर्मनीच्या हुम्बोल्ट फाउंडेशनच्या पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) फेलोशिपला पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, युरोपियन युनियनच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉकला आठ. त्यातही तारीख कुठली, व्हायवाची (तोंडी परीक्षेची) की पदवी हातात पडल्याची, हे प्रत्येकाचं वेगळं. बाळंतपण, मोठं आजारपण यांचा काळ बऱ्याच ठिकाणी वजा होतो. युरोपियन रिसर्च कौन्सिल आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून देते. माझी एक सहकारी हे न वाचताच ‘माझी मुदत गेली’ म्हणून दोन वर्षं गप्प बसली होती.

माझी स्वतःची चूक याहून बावळट. मारी क्युरीला एक अट आहे: ज्या देशात जायचं, तिथे अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. मी आधीच एका लॅबमध्ये चौदा महिन्यांचं काम घेऊन बसलो होतो आणि तिथल्याच सुपरव्हायझरबरोबर अर्ज लिहीत होतो. सहा आठवडे लिहिल्यावर एका मित्राने सहज विचारलं, ‘तू इथे आलास कधी?’ तिथेच घोडं अडलं. तेव्हापासून नवा कॉल, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, दिसला की मी आधी पात्रतेचं पान वाचतो, विषयाचं नंतर.

त्यानंतर पाहायचे ते गुण. त्याच मारी क्युरीत उत्कृष्टतेला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के वजन आहे, आणि मुख्य भागाला दहा पानं. आपण मंडळी विज्ञानावरच साडेआठ पानं खर्च करतो, मग परिणाम, वेळापत्रक, जोखीम, होस्टकडून (यजमान संस्थेकडून) काय मिळणार हे सगळं उरलेल्या दीड पानात कोंबतो. म्हणजे निम्मे गुण दीड पानावर! आणि अकरावं पान जोडून उपयोग नाही, मर्यादेपलीकडची पानं परीक्षकाला दिसतच नाहीत.

पुढे दुसऱ्या एका योजनेत माझा पहिला पूर्ण अर्ज गेला. मी मातीतल्या बुरशीवर काम करतो. अर्जात लिहिलं होतं, ‘दोन पावसाळ्यांत तीन ठिकाणचे नमुने गोळा करू.’ परीक्षकाचा शेरा आला: एक पावसाळा कोरडा गेला तर? बस्स, एवढंच. मला राग आला, कारण उत्तर माझ्याकडे होतं. आधीच्या वर्षांचे गोठवून ठेवलेले नमुने फ्रीजरमध्ये पडून होते. फक्त ते कागदावर नव्हतं. परीक्षकाला तुमचा फ्रीजर दिसत नाही, आणि तुमच्या अर्जाआधी त्याने आणखी दहा-बारा वाचलेले असतात. म्हणून आता पहिलं पान मी दुसऱ्याच विषयातल्या माणसाला देतो, पाच मिनिटांनी कागद काढून घेतो आणि विचारतो, ‘मी नक्की काय करणार आहे?’ तो अडखळला तर पान पुन्हा लिहायचं.

शक्य असेल तर ज्याला निधी मिळालाय त्याचा अर्ज मागा, सोबत परीक्षकांचा अहवालही. संकोच वाटतो खरा, पण मी चौघांकडे मागितला आणि तिघांनी दिला. एका अहवालातून जे कळलं ते कुठल्याही कार्यशाळेत कळलं नव्हतं.

छोट्या रकमांकडे नाक मुरडू नका. संशोधकांची नेटवर्क उभी करायला मदत करणारं युरोपातलं कॉस्ट प्रत्यक्ष संशोधनाला पैसे देत नाही, पण त्याच्या नेटवर्कमधून दुसऱ्या लॅबमध्ये काही दिवस जाऊन काम करायचा खर्च निघतो. माझ्या नावावरची पहिली रक्कम अशाच एका लहान प्रवासनिधीची. त्यातून एक तंत्र शिकलो, प्राथमिक आकडे हाती आले, आणि पुढच्या अर्जात ‘करू’च्या जागी ‘केलंय’ लिहिता आलं. नवख्याच्या अर्जात या एका शब्दाला फार वजन असतं.

आता नकाराबद्दल. नेदरलँड्समधल्या नवोदित संशोधकांच्या अर्जांवर २०१८मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निवडीच्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली राहिलेले लोक त्यात तपासले. म्हणजे गुणवत्तेत जवळपास सारखेच. पुढच्या आठ वर्षांत वरच्यांनी खालच्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळवला. याचं एक कारण असं निघालं, की खाली राहिलेल्यांनी पुढे अर्जच कमी केले. रेषेजवळ नशिबाचा भाग असतो हे निधी देणाऱ्यांनाही मान्य आहे: न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३मध्ये एका योजनेत पात्र अर्जांमधून सरळ सोडत काढायला सुरुवात केली, स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशनही बरोबरीत अडलेल्या अर्जांसाठी चिठ्ठ्या टाकते. माझ्या दुसऱ्या नकारपत्रानंतर मी चार महिने फाइल उघडली नव्हती. तो अभ्यास वाचल्यावर उघडली, जुना अर्ज जवळपास तसाच ठेवला, फ्रीजरचा परिच्छेद घातला आणि तिसऱ्यांदा पाठवला. तो मंजूर झाला. विचार तोच होता, परीक्षक वेगळे होते. श्रेय नेमकं कशाला, मला आजही सांगता येत नाही.

बजेट मात्र एकट्याने करू नका. पगारावरचे कर, संस्थेचा वाटा, उपकरणाची देखभाल हे आकडे संस्थेच्या निधी कार्यालयाला पाठ असतात, आपल्याला नसतात. आणि त्यांच्या सहीला लागणारे दिवस आपण कधीच धरत नाही. मी निदान तीन आठवडे आधी जातो.

अंतिम वेळ कुठल्या घड्याळाची तेही बघा, युरोपच्या कॉलना ती बहुधा ब्रसेल्सची संध्याकाळचे पाच अशी असते. तिथल्या पोर्टलवर मुदतीपर्यंत कितीदाही नवी प्रत चढवता येते, शेवटची ग्राह्य धरतात. दोन दिवस आधी अर्धवट का होईना, एक प्रत चढवून ठेवा, मग निवांत स्वल्पविराम बदलत बसा.